कडेचा कण

"मॅडम, एक विचारू का? नऊ नंबरच्या क्वाडची ताकद अर्धा टक्का जास्त का ठेवलीये?" अश्विनीने पडद्यावरून विचारलं, आणि प्रार्थना उजागरेने सावेडीतल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीतून, हातातला चहाचा कप खाली न ठेवताच सांगून टाकलं, "मार्जिन आहे ते." "ओके मॅडम, तसंच लिहिते," म्हणून अश्विनीने लिहून घेतलं. झालं एवढंच. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर भंगारवाला ओरडत चालला होता. कॉल संपला, पडद्यावर प्रार्थनाचा स्वतःचाच चेहरा क्षणभर उरला आणि तोही गेला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण धडधडीत खोटं बोललो. तशी ती काही सत्याची पुतळी नव्हती. चर्चच्या गायनमंडळातल्या बायांना ती महिन्यातून दोनदा तरी घसा बसल्याचं सांगे, आणि बेलापूरच्या मरियामावशीला स्वतःचं वय सांगताना दोन वर्षं खुशाल गिळून टाके. पण आकड्यांच्या बाबतीत सोळा वर्षांत तिने कुणाला फसवलं नव्हतं. प्रयोगशाळेत तिचं नाव निघायचं ते याचसाठी. उजागरे मॅडमनी दिलंय म्हणजे पुन्हा तपासायला नको, असं नवी पोरं म्हणायची, आणि म्हणूनच अश्विनीने पुढे चकार शब्द विचारला नाही. दुपारी चारला समितीची बैठक होती. समितीने मान डोलावली की हे आकडे कायमचे ठरणार होते. त्यांच्या बरहुकूम लोखंड कापलं जाणार होतं, तांब्याची वेटोळी गुंडाळली जाणार होती. चारच्या आत प्रार्थनाने तोंड उघडलं नाही, तर ते तिला पुढे कधीच उघडावं लागणार नव्हतं.

आता प्रार्थना काय काम करते हे तिच्या गल्लीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. तिचे वडील, अब्राहाम मास्तर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उपासनेनंतर अंगणात उभे राहून लोकांना सांगत की आमची प्रार्थना घरी बसून अणूचं काहीतरी करते, आणि ऐकणारी मंडळी नकळत पाऊलभर मागे सरकत. खरी गोष्ट इतकी भीतीदायक नव्हती. अकराशे किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत नव्वद मीटर लांबीचा एक सरळ पाईप बसवायचा होता. त्याच्या एका टोकातून प्रोटॉनचा झोत सोडायचा, वाटेत त्याला धक्के देत देत वेग वाढवायचा आणि दुसऱ्या टोकाला तो जवळपास अख्खा पोचवायचा. असं यंत्र आधी बांधून मग बघू म्हणून चालत नाही. ते आधी कॉम्प्युटरमध्ये चालवून पाहावं लागतं, हजारदा, दहा हजारदा. त्यासाठी एक लाख कण मानायचे. प्रत्येकाचे सहा आकडे: तो कुठे आहे आणि कुठल्या बाजूला किती जोराने निघालाय. वाटेतले चुंबक, ज्यांना सगळे क्वाड म्हणतात, हा झोत आवळून धरतात. पण त्यांची गंमत अशी की एका अंगाने आवळला की दुसऱ्या अंगाने तो सुटतो, म्हणून लगेच पुढचा चुंबक उलटा लावायचा. त्यातून सगळे कण एकाच विद्युतभाराचे, म्हणून एकमेकांना लोटणारे. सुरुवातीला, हळू चालत असतात तेव्हा, जास्तच लोटतात. वेग चढला की ते लोटणं आपोआप कमी होत जातं. हे प्रार्थनाला पहिल्यांदा वर्गात शिकवलं तेव्हा तिला ते नुसतं समीकरण वाटलं होतं. आता एक्केचाळिसाव्या वर्षी तिला त्याचा रागच येई, कारण माणसांचं तसं होताना तिने पाहिलं नव्हतं.

एक लाख कणांची गर्दी आकडेवारीने बघायची असते, एकेकटा कण बघायचा नसतो, हे शास्त्र. पण त्यांच्या जुन्या खोलीत, जिथे सहा टेबलं आणि एकच पंखा होता, एक रीत पडली होती. प्रत्येकाने एक कण पाळायचा. नंबर आपल्या आवडीचा, पण एक नंबर कुणी घ्यायचा नाही, कारण एक नंबर हा आदर्श कण; तो पाईपाच्या बरोब्बर मधून, ज्या वेगाने जायला हवं त्याच वेगाने जातो आणि तो खरा नसतोच. बाकीचे लाखभर त्याच्यापासून किती ढळले तेवढंच मोजायचं. प्रार्थनाने येताक्षणी एक नंबरच मागितला होता. मिशन शाळेत कायम पहिल्या बाकावर बसलेली मुलगी, दुसरं काय मागणार. तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरून एक सावळा, उंच, बाह्या दुमडलेला माणूस हसला आणि म्हणाला, "बाई, त्यो देवाचा नंबर हाय. तुमी आमच्यातला घ्या एखादा." हा गोरक्षनाथ औटी. पारनेरच्या पलीकडच्या एका वस्तीवरून आलेला, घरातला पहिला डॉक्टरेट. प्रयोगशाळेत भल्याभल्यांसमोर तो आपली बोली सोडत नसे, आणि ते कळेनासं झालं तर गणित फळ्यावर लिहून दाखवी. त्याचा कण होता बहात्तर-बारा. गावाकडच्या मोटारसायकलचा नंबर, एम एच सोळावाला. दैव असं की तो कण पडला झोताच्या अगदी कडेला. कणांची फाईल दरवेळी तीच, म्हणून कणाची सुरुवातीची जागाही तीच. चुंबकांचे आकडे बदलून कॉम्प्युटरवर कार्यक्रम चालवला की कुणाचा कण पोचला आणि कुणाचा भिंतीवर आपटला हे बघायला सगळे गोळा होत. ज्याचा पडला त्याने चहा पाजायचा. प्रार्थनाचा कण मधल्या दाटीत, सुखरूप, दरवेळी पोचणारा. गोरक्षनाथाने मात्र तिथल्या वर्षांत इतका चहा पाजला की कँटीनवाला त्याला बघितलं की आपणच सहा कप भरायला घेई. बदलून घे नंबर, असं सगळे म्हणायचे. तो म्हणायचा, "आपलं ते आपलं. कडंचं का आसंना."

त्या पडद्यावर एका संध्याकाळी, खोलीत दोघंच असताना, त्याने ठिपक्यांच्या ढगाच्या कडेवर बोट टेकवलं आणि म्हणाला, "ह्यो बघ मी." तिने मध्यावर बोट टेकवलं. "ही मी." बोटांखाली पडद्यावर रंगाची दोन लहान वर्तुळं उमटली. दोहोंत चार बोटांचं अंतर होतं. मग त्याने आपलं बोट न उचलता सावकाश सरकवत तिच्या बोटापर्यंत आणलं आणि म्हणाला, "मॉडेलमधी बसत न्हाई हे, पन बसवू." अजूनही कधी कधी काम करता करता प्रार्थनाची तर्जनी पडद्याकडे जाते, आणि ती ओशाळून हात मागे घेते. त्याच्या बोटाला खडूचा वास होता. नखाखाली शाई असायची. अकरा वर्षांत तिने कितीतरी हात पाहिले, डॉक्टरांचे, पास्टरांचे, लग्नासाठी बघायला आलेल्या दोन विधुरांचे, आणि प्रत्येक वेळी तिचं लक्ष नखांकडे गेलं. स्वतःचा असा वेडेपणा तिला पुरता ठाऊक होता. ठाऊक असून काय उपयोग, ते जायचं नावच घेत नव्हतं.

तिने काय केलं होतं ते पंधरा दिवसांपूर्वीचं. शेवटची जुळवणी चालू होती. पाईपात अडीच मीटरवर तांब्याची एक चौकट असते, मुद्दाम अरुंद ठेवलेली, कडेचे कण तिथेच अडावेत म्हणून. तिथे त्यांचा वेग कमी असतो. ते आपटले तरी तांबं जरा कोमट होतं आणि विषय संपतो. तेच कण वाचून पुढे गेले आणि ऐंशीव्या मीटरला भिंतीत शिरले, तर पाईप किरणोत्सारी होतो आणि त्याच्यापाशी पाना घेऊन जाणाऱ्या माणसाच्या अंगाला ते बाधतं. म्हणून कडेचं जे काय पडायचं ते लवकर पडू द्यावं, हा या धंद्याचा पहिला धडा. योग्य मूल्य लावल्यावर चौकटीवर एकतीस कण पडत होते. लाखात एकतीस, फार सुरेख जुळणी. तिने यादी उघडली आणि तिसऱ्या ओळीत ७२१२. तो आधीही शेकडो वेळा पडला होता, पण तेव्हा उद्या असायचा, पुन्हा चालवू म्हणता यायचं. आता उद्या नव्हता. हे आकडे ठरले की हा कार्यक्रम कुणी चालवणार नव्हतं, ती फाईल कुठल्यातरी डिस्कवर धूळ खात पडणार होती आणि शेवटचा शब्द म्हणून बहात्तर-बारा चौकटीवर पडलेला राहणार होता. तिने नऊ नंबरचा क्वाड अर्धा टक्का वाढवला. नुसतं बघायला, असं स्वतःला सांगून. एकतीसच्या एकतीस आत खेचले गेले आणि तो नव्वद मीटर पार पोचला. ती खुर्चीत बसल्या बसल्या रडली आणि मग तिने ती फाईल जतन केली. चुंबक जरा वाकडे बसले तर काय, याचे हजार नमुने काढतात. त्यांतल्या चाळिसांत तेच एकतीस कण थेट ऐंशी मीटरच्या पुढे भिंतीत शिरत होते. हे तिने पाहिलं होतं. पाहून पान उलटलं होतं.

पप्पांच्या डोळ्यांत घालायचे थेंब माळीवाड्याच्या एकाच दुकानात मिळत, म्हणून ती बाराला बाहेर पडली. निदान तिने तसं स्वतःला बजावलं. थेंब घेऊन झाले, रिक्षा समोर उभी होती, आणि ती मात्र रस्ता ओलांडून स्टँडात शिरली. डिझेलचा वास, तळलेल्या वड्यांचा वास, फलाटावर सांडलेलं पाणी उन्हात सुकत चाललेलं. "पारनेर, भाळवणी, पारनेर, पारनेर," कंडक्टर पत्र्यावर थाप मारून ओरडत होता. एकची गाडी. दोनला पारनेर, तिथून वस्तीवर कुणाच्याही दुचाकीवरून वीस मिनिटं. तो आता पारनेरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि उरलेला वेळ शेती बघतो. वर्षातून दोनदा फोन होतो. नाताळला तो करतो, दिवाळीला ती. पाच-सहा मिनिटं, पाऊसपाणी, पप्पांचे डोळे, त्याच्या पुतणीचं कॉलेज. पुतणी म्हणायची की मुलगी, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही. खिडकीपाशी बसलेली एक म्हातारी डोक्यावरचा पदर सारखा करत तिच्याकडे बघत होती. "बाई, चढा की वर, जागा हाय माझ्याजवळ," ती म्हणाली आणि आपलं गाठोडं मांडीवर घेऊन सरकलीसुद्धा. "नाही आजी, मला नाही जायचं." "मंग कवाधरनं पाटीकडं काय बघताय?" म्हातारीने विचारलं, आणि मागच्या बाकावरची माणसं हसली. प्रार्थनाही हसली, तिला हसावंच लागलं. त्या मोकळ्या जागेवर ऊन पडलं होतं, सीटच्या रेक्झिनला एक चीर गेली होती. एक पाऊल वर ठेवलं असतं तरी चाललं असतं. चारला समिती भरली असती, कागदावर मार्जिन लिहिलेलंच होतं, आणि ती वस्तीवर त्याच्या दारात उभी राहिली असती. उभी राहून काय बोलली असती? अरे, मी तुला पार पोचवलं, हे? गाडी सुटली तेव्हा म्हातारीने खिडकीतून तिला हात केला, ओळखीच्या माणसाला करावा तसा. प्रार्थना रिक्षात बसली.

घरी आली तेव्हा पप्पांनी ताटं मांडून ठेवली होती. बाजरीच्या भाकरी बनुबाई करून जाते, मेथीची पातळ भाजी प्रार्थनाने सकाळीच टाकलेली. पप्पांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली, आमेन झालं, आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आज त्याची आठवण आलीय तुला." "कुणाची?" तिने विचारलं. "मला मास्तरकी शिकवू नकोस. चाळीस वर्षं पोरांची तोंडं वाचलीत मी." त्यांच्या दाढीला भाजीचा थेंब लागला होता, तिने तो पुसला. हेच पप्पा बारा वर्षांपूर्वी सात महिने याच टेबलाशी गप्प बसले होते. गोरक्षनाथ जून महिन्यात घरी येऊन सरळ विचारून गेला होता. त्याच्या आईने तर आधीच सांगून टाकलं होतं, "पोरगी चांगली हाय ना, मंग देव कुटला का आसंना." पण मास्तरांना मंडळी काय म्हणतील याचा घोर. त्यांनी पास्टरांना विचारलं, बेलापूरच्या मेव्हणीला विचारलं, पवित्र शास्त्र उघडून बसले, आणि शेवटी नाताळच्या दिवशी, केक कापून झाल्यावर, हो म्हणाले. लग्न मे महिन्यात धरलं. एप्रिलमध्ये गोरक्षनाथाचा थोरला भाऊ सहादेव कांद्याचा टेम्पो उलटून गेला. मागे वहिनी आणि दोन लेकरं. तेराव्याला भावकी बसली आणि ठरलं, वहिनीशी गोरक्षनाथानेच लग्न करायचं. तो नगरला आला होता, आत आला नाही, बाहेर पायरीवर बसला. "मी न्हाई म्हनू शकलो आसतो, प्रार्थना," तो म्हणाला. "पन म्हनलो न्हाई. मला त्या लेकरांकडं बघून म्हनता आलं न्हाई." याच्यासाठी तिला त्याचा राग यायला हवा होता. तो कधी आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

"मी उशीर केला," पप्पा आता म्हणाले. भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच होता. "जूनमध्येच हो म्हटलं असतं तर डिसेंबरात लग्न होऊन गेलं असतं तुमचं. मग झालेल्या लग्नाला कोण काय म्हणणार होतं? मी रोज मोजतो हे. जून, जुलै, ऑगस्ट." अकरा वर्षांत हे ते पहिल्यांदा बोलले. नाही पप्पा, तुमचं काही चुकलं नाही, असं म्हणायचा रिवाज असतो. प्रार्थनाच्या ओठांवर ते आलंही होतं, पण आज दिवसभरात एक खोटं बोलून झालं होतं आणि दुसरं तिला झेपेना. "हो पप्पा," ती म्हणाली, "उशीर झाला." म्हाताऱ्याने मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहऱ्यावर एक हलकेपणाही आला, बरेच दिवस टाळलेला डॉक्टर एकदाचा खरं काय ते बोलला म्हणजे येतो तसा. त्यांनी उरलेली भाकरी नीट, चावून चावून संपवली. तिने त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, त्यांना पलंगावर निजवलं, आणि त्या निजलेल्या चेहऱ्याकडे बघता बघता तिला पाना घेऊन पाईपाशी जाणारा माणूस दिसला. पंचविशीचा, कुणाचातरी मुलगा, कानामागे पेन्सिल खोचलेला. ऐंशीव्या मीटरपाशी वाकून तो नटबोल्ट सोडवतोय आणि त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. एका बाईला आवरलं नाही म्हणून अकराशे किलोमीटरवर पाईप तापणार, आणि कागदावर त्याचं नाव मार्जिन. तिला स्वतःची किळस आली. किळस आली तरी आस गेली नाही. दोन्ही एकाच वेळी छातीत बसून राहिल्या.

दोन वाजून दहा मिनिटांनी तिने नऊ नंबरच्या क्वाडच्या रकान्यात बरोबर आकडा भरला आणि कार्यक्रम चालू केला. प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरांवर त्याला तासभर लागतो. पडद्यावर एक आडवी पट्टी असते, ती भरत जाते. उठून जायला हरकत नव्हती, कपडे वाळत घालायचे होते, पण ती हलली नाही. पडदा दर मिनिटाला ताजा होतो आणि झोत कुठे पोचलाय ते दाखवतो. सुरुवातीचा मीटरभर तो फुगतो, कण एकमेकांना लोटत असतात, मग पहिले क्वाड त्याला आवळतात. तिने बहात्तर-बाराला लाल रंग दिला होता. तो वरच्या कडेला होता, मग खालच्या, मग पुन्हा वरच्या. झोत श्वास घेतल्यासारखा रुंद अरुंद होत होता आणि लाल ठिपका कायम त्याच्या शिवेवर. दोन मीटर. दोन पूर्णांक दोन. खरं तर हा कण म्हणजे सहा आकडे, त्यात गोरक्षनाथाचं काय होतं? मोटारसायकलचा नंबर. तीही त्याने केव्हाच विकली. पण आपण ज्याच्याकडे इतकी वर्षं बघतो त्याला आपल्या बघण्याचं काहीच लागत नाही, असं तिला मानवेना. उन्हाळी सुटीत नगर स्टेशनवर उतरल्यावर तो पारनेरच्या गाडीसाठी पळायचा, आणि ती जिन्यावर उभी राहून त्याच्या पांढऱ्या शर्टाची पाठ गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत बघायची. तसंच ती आता बघत होती. दोन पूर्णांक चार. बरोबर अडीच मीटरला लाल ठिपका चौकटीच्या वरच्या काठावर गेला आणि पुढच्या चित्रात नव्हता. आवाज नाही, काही नाही. पट्टी पुढे सरकत राहिली. बाकीचे गेले तीस मीटरला, साठला, नव्वदला, निर्मळ, एकाही भिंतीला न शिवता. जुळणी खरोखर सुरेख होती. ती तिची स्वतःचीच होती आणि तिला तिचा अभिमानही वाटला, आणि ती तोंडाला पदर लावून बराच वेळ बसून राहिली.

साडेतीनला तिने अश्विनीला फोन केला. "नऊ नंबरचा आकडा बदललाय. नवी फाईल पाठवलीये, तीच समितीला दे." "पण मॅडम, मार्जिन म्हणाला होतात ना?" "मार्जिन नव्हतं ते. चुकीचं मूल्य होतं आणि मला माहीत होतं." अश्विनी सव्वीस वर्षांची, तिच्या खोलीत आता प्रत्येकाला वेगळा पंखा आहे आणि कुणी कण पाळत नाही. "मग कारणाच्या रकान्यात काय लिहू?" तिने हळूच विचारलं. "लिही, उजागरेंकडून चूक झाली. पडताळणीत सुधारली." "मॅडम, असं स्पष्ट नाही लिहिलं तरी चालेल. मी काहीतरी टेक्निकल घालते." "नको," प्रार्थना म्हणाली, "आहे तसं लिही." साडेचारला अश्विनीचा निरोप आला. आकडे मंजूर. समितीतल्या एकाने भुवई उंचावली म्हणे, दुसऱ्याने जुळणीचं कौतुक केलं. खाली तिने हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. म्हणजे संपलं. सोळा वर्षांचं काम, आणि त्यातलं जे तिचं एकटीचं होतं तेही. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाहेर कुणी अंगणात पाणी मारत होतं. दिवाळी अजून लांब होती. फोन करायची ही वेळ नव्हती, हा महिनाही नव्हता.

तिने फोन लावला. पाच-सहा वेळा वाजून तो उचलला गेला आणि आधी मोटारीची घरघर ऐकू आली, मग पाण्याचा खळखळाट, मग तो. "प्रार्थना? मास्तर बरं हायेत ना?" "पप्पा बरे आहेत. झोपलेत." "मंग? जरा मोठ्यानं बोल, मी रानात हाय. कांद्याला पानी चाललंय. पाचला लाईट जाती, त्याच्या आत चार वाफं उरकायचेत." त्याचा आवाज जाडसर झाला होता, दर वेळी थोडा जास्तच. "मशीनचे आकडे ठरले आज," ती ओरडून म्हणाली, आणि पप्पा जागे होतील म्हणून दार लोटून घेतलं. "ठरलं? आयला!" तो थांबला. "लई वर्सं लागली गं. किती ग्येले पार?" "नव्व्याण्णव हजार नऊशे एकोणसत्तर." त्याला वजाबाकीला पापणी लवायचाही वेळ लागला नाही. "मंजी एकतीस पडले. कुटं पडले?" "चौकटीवर. अडीच मीटरला." "मंग ब्येस झालं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जुन्या खोलीतलं ते समाधान होतं. "तितंच पडले मंजी कुनाचं काय बिगडलं न्हाई." कुठले एकतीस, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला नंबर सांगून मोकळं होता आलं असतं, दोघं थोडं हसली असती, आणि पाऊसपाण्यावर येऊन फोन ठेवला असता. अकरा वर्षं तसेच तर ठेवले होते.

"माझं बिघडलं, गोरक्ष," प्रार्थना म्हणाली. "माझं फार बिघडलं. मला तू अजून हवा आहेस. रोज."

मोटार घरघरत राहिली. पाणी वाहत राहिलं. तिला वाटलं, त्याला ऐकू गेलं नसावं, आणि पुन्हा म्हणायचं बळ तिच्यात नव्हतं. पावणेपाच झाले होते. पारनेरच्या रानात दिवसाची वीज आठ तास येते. ती असेपर्यंत माणसं जेवायला बसत नाहीत, पाहुणा आला तर त्याला बांधावर बसवून ठेवतात, पण चालू मोटार कुणी बंद करत नाही. पाणी कांद्याला पोचलं तर पीक, नाही तर उद्यापर्यंत वाफे कोरडे. "थांब जरा," तो म्हणाला. चिखलातून चालल्याचे आवाज आले, सावकाश, मग भराभर. कुठलंसं पत्र्याचं दार कुरकुरलं. मग खट्ट झालं, आणि ती घरघर उतरत उतरत थांबली. इतकी शांतता झाली की तिला त्याचा श्वास ऐकू येऊ लागला.

"आता बोल," तो म्हणाला.